दुसऱ्या पौर्णिमेचा पेसाह

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. प्रार्थना मी रोज करत होते, सकाळी सहाला आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर. पण भांडी विसळावीत तशी करत होते. ऐकणारं कोणी आहे असं वाटणं बंद झालं होतं. तुमचे आजोबा तेव्हा ब्रह्मदेशात, लष्करी दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि त्यांचं शेवटचं पत्र संक्रांतीच्या आधी आलेलं. संक्रांत गेली, होळी गेली, झाडांना कैऱ्या धरल्या. पोस्टमन आमच्या ओट्यापाशी आला की मान खाली घालून झपाझप चालू लागायचा, म्हणजे मला विचारावं लागू नये आणि त्याला सांगावं लागू नये.

बाळांनो, मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत की पेसाहच्या रात्री दार उघडायची वेळ आली की आजी स्वतःच का उठायची, आणि उघड्या दारात इतका वेळ का उभी राहायची. तुमच्या देशात सणाची तारीख शाळेच्या भिंतीवर छापलेली असते, सगळं गाव एकाच संध्याकाळी जेवायला बसतं. आमचं तसं नव्हतं, म्हणून मला हे सुरुवातीपासून सांगावं लागेल. मराठी अक्षरं जड गेली तर आईकडून वाचून घ्या. ती तेव्हा सहा वर्षांची होती. यातलं एक वाक्य तिचं आहे, जरी ते आठवत नाही असं ती म्हणते.

आम्ही कराडात राहत होतो. तुमचे आजोबा लढाईवर गेल्यावर मी तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवायची नोकरी धरली, आणि सासूबाई, तुमची आई आणि मी अशा तिघीजणी पुण्याहून तिथे आलो. घर दोन खोल्यांचं, कौलारू, पुढे ओटा. ओट्यावरून उताराखाली कृष्णा-कोयनेच्या संगमाची वाळू दिसायची. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी त्या वाळूचा रंग हळूहळू जायचा आणि नदी, वाळू, आकाश हे तिन्ही एकच होऊन जायचं. मग पलीकडून एखाद्या बैलगाडीचा आवाज यायचा, पण गाडी दिसायची नाही. सगळ्या गावात बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, असे आम्हीच. लोक आम्हाला कधी पारशी समजत, कधी ख्रिस्ती, आणि मग सासूबाईंचं नऊवारी नेसणं बघून गोंधळून जात. "आम्ही कोकणातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली," असं सासूबाई सांगायच्या, जणू एवढ्याने सगळं कळावं.

दाराच्या चौकटीवर त्यांनी एक कागद लावला होता. मिसर देशातल्या गुलामीतून आपली माणसं सुटली त्या रात्री, ज्या दारांवर कोकराच्या रक्ताची खूण होती ती घरं वाचली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याची आठवण म्हणून आमच्याकडे पेसाहच्या आदल्या दिवशी मेंढरू कापलं की घरातला कर्ता पुरुष त्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवायचा, आणि तो कागद दारावर वर्षभर राहायचा. आमच्या दारावरचा पंजा तुमच्या आजोबांचा होता, पुण्याच्या घरी उठवलेला. जुना झाल्याने तो चहाच्या डागासारखा दिसत असे. उजव्या हाताच्या करंगळीचं वरचं पेर त्याला नव्हतं. लहानपणी मूळ गावी, रेवदंड्याला, घाण्याच्या फिरत्या लाकडी लाटेखाली ते गेलं होतं. सासूबाईंची नजर अधू झाली होती. घरात येता-जाता त्या हात वर करून तो कागद चाचपायच्या, करंगळीच्या जागेवर बोट ठेवायच्या, आणि मगच उंबरा ओलांडायच्या.

आता माझ्या चुकीकडे येते.

पेसाहला आमच्या जुन्या बायका "अनाशी ढाकायचा सण" म्हणायच्या. अनाशी म्हणजे आंबट, आंबवलेल्या कालवणाचं मडकं. ते घरात कायम असायचं. सुटकेच्या घाईत आपल्या लोकांना पीठ आंबायलाही वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्या आठ दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही, आणि मडक्याचं तोंड फडक्याने बांधून ते कोपऱ्यात ठेवायचं. आमच्या पूर्वजांची पुस्तकं हरवली होती, हिब्रू भाषा विसरली होती, तेव्हाही कोकणात हे मडकं ढाकणं चालू राहिलं. पण ते कधी ढाकायचं? पुण्याच्या सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांकडून छापील कॅलेंडर यायचं, ते त्या वर्षी आलं नाही. एक पोस्टकार्ड टाकून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मॅट्रिकला गणितात मी वर्गात पहिली होते. पेसाह चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्यात विचारायचं काय?

शेजारच्या गोदूकाकूंकडे पंचांग होतं. त्या म्हणाल्या, "अहो बाई, यंदा चैत्रच अधिक आहे. धोंड्याच्या महिन्यात कसले सणवार? खरा चैत्र पुढचा." मी वहीत पुढची पौर्णिमा टिपून घेतली आणि तिच्यापासून मागे मोजत सफाईचं टाइमटेबल करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं. सोमवारी धान्याचे डबे, मंगळवारी कल्हई, बुधवारी चुना. आमच्या महिन्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यांचा अधिक तो आपला अधिक असेलच असं नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

घरकामाला हौसा होती. पलूसजवळच्या खेड्यातली, माझ्याच वयाची, उंच, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. सफाईच्या पहिल्याच दिवशी ती हातातला झाडू खाली ठेवून म्हणाली, "बाई, दोन दिस गावाकडं जाऊ द्या की. भाऊ पलटनीतनं आलाय. पाय लय दुखावलाय म्हनं त्येचा. त्येला एकली भन हाय मी."

"सण होऊ दे, मग चार दिवस जा."

"सन कवा हाय तुमचा?"

मी तारीख सांगितली. तिने बोटं मोजली आणि पुन्हा झाडू उचलला. दुसऱ्यांदा तिने कल्हईच्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, घर अर्धं उघडं पडलंय, मला शाळा आहे, आता कुठे? मी रागावून बोलले नाही. मी कधीच कोणावर ओरडत नसे. मी फक्त भिंतीवरच्या टाइमटेबलकडे बोट केलं.

तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा आम्ही तांदूळ निवडत बसलो होतो, आणि मी तुमच्या आईला सणाची गोष्ट सांगत होते. फारो राजा आपल्या लोकांना सोडायला कसा तयार नव्हता. एकेक संकट आलं की जा म्हणायचा, आणि संकट टळलं की पुन्हा अडवायचा. हौसा सूप पाखडत ऐकत होती. "बाई," ती मध्येच म्हणाली, "तुमच्या देवानं येवडी मानसं सोडवून न्हेली. मंग मला दोन दिस सोडा की वं."

"हौसा, सांगितलं ना, सण झाल्यावर."

तुमच्या आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात एक खडा होता, तो तिने बाजूला ठेवला आणि अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं, "आई, फारोकडे पण टाइमटेबल होतं?"

हौसाने पदर तोंडात कोंबला तरी तिचं हसू फुटलंच. सासूबाईही हसल्या. मी तुमच्या आईला पाढे म्हणायला बसवलं, तेराचा आणि सतराचा. ते ऐकता ऐकता माझे कान तापले होते, तरी मी हौसाला जा म्हटलं नाही.

दोन दिवसांनी पोस्टमन आमच्या ओट्यापाशी थांबला. पत्र पुण्याच्या नणंदेचं होतं. भावाची खुशाली विचारून तिने पुढे लिहिलं होतं, "सण कसा पार पडला? आमच्या भाकरी यंदा जाड झाल्या. हजानसाहेबांचं कॅलेंडर तुला पोचलं असेलच."

ते वाक्य मी कितीदा वाचलं सांगता येणार नाही. मग मी माझी वही काढली. रोज रात्री दिवसभराचं काम मी टिपून ठेवत असे. नणंदेने पत्रात पुढे सणाची तारीख दिली होती, त्या तारखेचं पान उघडलं. त्या संध्याकाळी, साऱ्या जगातली आपली माणसं दार उघडून उभी होती तेव्हा, मी सहावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासल्या होत्या. चहाबरोबर पाव खाल्ला होता. खाली लिहिलं होतं, "स्वच्छ चांदणं. दिव्याशिवाय काम झालं."

सासूबाईंना सांगणं भागच होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे दार उघडलंच नाही आपण. तो येऊन परत गेला असेल."

तो म्हणजे एलियाहू हन्नाबी. त्या रात्री संदेष्टा एलियाहू घरोघरी येतो, त्याच्यासाठी एक पेला भरून ठेवायचा आणि दार उघडायचं, हे तुम्हीही करता. पण सासूबाईंसाठी तो रीतीपुरता नव्हता. कोकणात नवस त्याला, वाट चुकली तर हाक त्याला. पत्रं थांबल्यापासून त्या मनाशी म्हणत आल्या होत्या की या खेपेला तो येईल तेव्हा मुलाची काही तरी खबर आणेल. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच मला सोसवलं नाही. माझ्या हुशारीने मी दार बंद ठेवलं होतं. त्या दारापलीकडे काय होतं आणि ते आता कुठे गेलं, याचा विचार करत मी चुन्याच्या बादलीशेजारी बसून राहिले. अर्धी भिंत पांढरी झाली होती, अर्धी तशीच होती.

संध्याकाळी मी शास्त्र काढलं. खरं सांगते, मी आधार शोधायला नव्हते बसले. पेसाह चुकवणाऱ्याला शिक्षा काय, हे मला बघायचं होतं. नियम मोडला की शिक्षा किती हे आधी बघायची शिक्षिकेची खोड. चौथ्या पुस्तकात ती सापडली. जो शुद्ध आहे, प्रवासात नाही, आणि तरीही हा सण पाळत नाही, तो माणूस आपल्या लोकांतून तोडला जावा. माझं बोट तिथेच थांबलं. मग डोळे पुसायला मी पुस्तक जरा लांब धरलं, आणि नजर आपोआप दोनतीन ओळी वर गेली.

तिथे असं होतं की रानात असताना काही माणसं, लोकांना मिसरातून सोडवून आणणाऱ्या मोशेकडे आली. प्रेताला शिवल्यामुळे ती अशुद्ध होती, त्यांना सणात घेतलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, आम्ही का वगळले जावे? मोशेलाही उत्तर माहीत नव्हतं. तो म्हणाला, थांबा, देव काय सांगतो ते ऐकतो. आणि उत्तर आलं की जो अशुद्ध असेल किंवा दूरच्या वाटेवर असेल, त्याने पुढच्या महिन्यात, चौदाव्या दिवशी, संध्याकाळी तो पाळावा. बिनखमिराची भाकर आणि कडू पाला, तेच सगळं.

मी बोटांवर मोजलं. मग वहीत मोजलं. चौदावा दिवस माझ्या चुकीच्या पौर्णिमेलाच पडत होता.

दूरच्या वाटेवर. मी दोन खोल्यांच्या घरातून शाळेत जात होते आणि शाळेतून घरी येत होते; पण इतकं दूर मी आयुष्यात कधी गेले नव्हते. सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, कोणीतरी विचारलं म्हणून मिळालं. नसतं विचारलं तर?" त्या त्या जुन्या माणसांबद्दल बोलत होत्या. पण मला सूप पाखडणारी हौसा दिसली. तीही तीनदा विचारायला आली होती. देवाने पहिल्याच खेपेला महिना वाढवून दिला, आणि मी दोन दिवस दिले नव्हते.

सकाळी हौसा आली तेव्हा मी तिच्या हातून झाडू घेतला. "आजच गावाला जा. आणि भावाजवळ हवे तितके दिवस राहा."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. "का वं बाई? माजं काय चुकलं का?"

"तू नाही. मी चुकले."

"मंग तुमचा सन? भित अर्दी ऱ्हायलीया."

"राहू दे अर्धी."

ती उतारावरून पळतच गेली. तिच्या हिरव्या लुगड्याचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते. मग आत येऊन टाइमटेबलचा कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या आईला चित्र काढायला दिलं.

त्यानंतरचे दिवस मला झोपेत चालल्यासारखे आठवतात. शाळा होती, घर होतं, पण कामं माझ्या हातून होत होती की आपोआप, कळत नव्हतं. भिंत अर्धीच राहिली. धान्याचे दोन डबे राहिले. अनाशीचं मडकं ढाकायला मी फडकं धुऊन ठेवलं, आणि सणाच्या दिवशी बघते तर ते अजून दोरीवरच वाळत होतं. एरवी मला झोप लागली नसती. पुष्कळ वर्षांनी पुण्याच्या एका जाणत्या हजानसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, दुसऱ्या पेसाहला घर खमिरापासून रिकामं करावंच लागत नाही. भाकर आणि खमीर त्या दिवशी एका छपराखाली राहिले तरी चालतात. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त थकले होते.

तो शुक्रवार होता. मेंढरू नव्हतं, ते कापणारा हातही घरात नव्हता. मी पीठ भिजवून लगोलग पातळ भाकरी भाजल्या. खजूर शिजवून, गाळून त्याचा शिरा केला. काळ्या मनुका भिजवून त्यांचा रस काढला. कडू म्हणून निंबाची कोवळी पानं होती, मिठाचं पाणी होतं. सासूबाईंनी शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावला. तुमच्या आईने पोथीतले प्रश्न विचारले, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, आणि मी उत्तरं वाचली. माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता. खिडकीतून संगमावर चंद्र वर येताना दिसत होता, पिवळा, मोठा, आणि त्याच्याखालची वाळू जणू नदीसारखी हलत होती. ताटातल्या तीन भाकरींवर उजेड पडला होता. मनातल्या मनात मी बोलले, अगदी साधं बोलले: हे दार मला नीट उघडता येत नाही. तारीखसुद्धा माझी नाही. जे असेल ते असो. मी उघडते.

सासूबाई म्हणाल्या, "ऊठ, दार उघड."

मी कडी काढली. अंगणात चांदणं दुधासारखं सांडलं होतं, आणि ओट्याच्या पायरीशी दोन माणसं उभी होती.

"कोण?" मी विचारलं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "आला का गं?"

"बाई, भ्याला का?" हौसाचा आवाज होता. "मी हाय. भाऊबी संगं हाय, तातोबा. सकाळच्याला त्येचा पाय हितल्या डागतरला दावायचाय. आनि तुमचा सन हाय न्हवं? म्हनलं भांडी कोन घासनार?"

तातोबा कुबडीवर पायरी चढला. लांब, वाळलेला माणूस, अंगावर पलटणीचा फिका शर्ट. "रामराम, बाई. आमी ओट्यावर पडतो," असं म्हणत त्याने तोल सावरायला एक हात चौकटीवर ठेवला आणि मान वर केली. चंद्राचा उजेड थेट त्या कागदावर होता. तो बघतच राहिला.

"ह्यो पंजा कुनाचा?"

"माझ्या यजमानांचा."

"करंगळी आखूड हाय."

"हो."

तो पायरीवर बसला. कुबडी घरंगळून अंगणात गेली, तरी त्याचं लक्ष नव्हतं. "हौसे," तो म्हणाला, "अगं, ह्यो हात म्या दोन म्हैनं बघितलाय. ह्यो आमचा डागतर गं! ह्या हातानं रोज माजा पाय धुतलाय."

बाळांनो, पुढचं मला क्रमाने आठवत नाही. मी त्याला पाणी दिलं की त्याने मला, तेही आठवत नाही. सासूबाई भिंत धरत बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या, आणि तो त्यांना सांगत होता. ब्रह्मदेशात तंबूचा दवाखाना होता. तिथे मराठी बोलणारा एकच माणूस, आखूड करंगळीचा. सगळे त्याला डागतर म्हणत. "गड्या, पाय राहतोय तुझा, घाबरू नको, असं म्हनायचे. मंग त्यास्नीच ताप आला. लय वंगाळ ताप. पर म्या निगालो तवा ताप उतरला व्हता, पेज पीत व्हते. हासत व्हते. जित्ते हायती, आजी, जित्ते हायती."

"आणि पत्र?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "दिलं व्हतं बाई. हिकडं आल्यावर टपालात टाक म्हनले. माजी थैली कलकत्त्याला चोरीला गेली, त्येच्यातच ग्येलं. मला वाचता येत न्हाई. गाव इचारलं तवा रेवदंडा म्हनले व्हते, आता त्ये कोकणात कुटं म्हनून हुडकायचं? रोज वाटायचं, त्येनं माजा पाय ठिवला, आनि माज्याकडनं येक कागद पोचला न्हाई."

सासूबाईंनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पोचला रे बाबा," त्या म्हणाल्या. "एक महिना उशीर झाला, एवढंच. तेवढी सवलत आहे."

आम्ही त्यांना आत आणलं. हौसा म्हणत होती, "आमी भाईर बसतो वं," आणि मी म्हटलं की आज या घरात कोणी बाहेर बसायचं नाही. सुटलेल्या माणसासारखं त्या रात्री रेलून बसायचं असतं. तातोबाला तुमच्या आजोबांच्या उशीला टेकवून बसवलं, पाय लांब करून. कोणी न सांगता सासूबाईंनी एलियाहूसाठी भरलेला पेला उचलला आणि त्याच्या हातात दिला. हौसाने निंबाचं पान तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "आगं आई गं! सनाला कडू जहर? पुरनपोळी न्हाई व्हय तुमच्यात?" तुमची आई हसत हसत खजुराच्या शिऱ्यात पडायची राहिली.

मग तातोबाने ताटाकडे बघून विचारलं, "ह्योच का त्यो पुनवंचा सन? डागतर इचारायचे मला, चैताची पुनव कवा? त्यास्नी बी तारीख गावत न्हवती. म्या म्हनलं, औंदा अधिक हाय, पैली पुनव सोडा, सन दुसऱ्या पुनवंला."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. खिडकीतला चंद्र आता लहान आणि पांढरा झाला होता. तोच चंद्र त्या तंबूंवरही असणार होता. सासूबाई आणि मी, आम्ही दोघी नुसत्या त्याच्याकडे बघत होतो, एक डोळस आणि एक जवळजवळ आंधळी.

तुमचे आजोबा पुढच्या वर्षी परत आले, बारीक होऊन, पांढरे होऊन, पण आले. पहिल्याच आठवड्यात एक दिवस ते ओशाळून म्हणाले, "तुला एक सांगायचं आहे. माझ्याकडून पेसाह चुकला. मागाहून कळलं. मी महिनाभर उशिरा, एका चपातीवर आणि कसल्याशा रानपाल्यावर केला." मी माझी वही काढून त्यांच्यापुढे उघडी केली. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग आम्ही दोघं इतके हसलो की गोदूकाकू भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारू लागल्या.

यातलं काय कोणी घडवलं आणि काय आपोआप घडलं, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. मी गणिताची शिक्षिका. मोजता येईल तेवढंच बोलावं असं मला वाटतं. हौसाला मी पहिल्याच दिवशी जाऊ दिलं असतं तर ती भावाला घेऊन लवकर परतली असती आणि ती खबर तीन आठवडे आधी आली असती, हे मात्र मी मोजू शकते. जिची मी रात्रंदिवस वाट बघत होते ती पलूसजवळच्या एका ओट्यावर पाय लांब करून बसली होती, आणि तिच्याकडे जाणारी वाट मीच अडवून धरली होती, सणाची तयारी म्हणून. फारो म्हणजे कोणी मिसरी राजाच असायला हवा असं मला तेव्हापासून वाटत नाही. तो नीटनेटकाही असू शकतो. तो हळू आवाजात बोलू शकतो. आणि त्या रात्री मी काही मिळवलं असेल तर ते मी नीट केलेल्या कशातूनही आलं नाही. अर्धी राहिलेली भिंत, उघडं राहिलेलं मडकं आणि चुकलेली तारीख, यांतूनच ते आत आलं. ज्याने त्यासाठी वाट ठेवली त्याचे आभार मी दर वर्षी दारात उभी राहून मानते, म्हणून मला उशीर होतो.

आता दार उघडायला मला कोणाचा तरी हात धरावा लागतो. म्हणून या पत्राबरोबर तो कागद पाठवते आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून. पंजा जवळजवळ पुसला आहे, पण उजेडासमोर धरलात तर आखूड करंगळी दिसेल. दारावर लावा. आणि सणाच्या सफाईला हात घालण्याआधी, घरात किंवा कामावर कोणी तुमच्याकडे सुट्टी मागतंय का, ते आधी विचारा. भिंत नंतर रंगवता येते.